यादीतले सातवे स्थळ

ती यादी शकुंतलाबाईंनी तीन सकाळी बसून स्वतःच्या हाताने लिहिली होती. नातू शरतच्या लग्नासाठी मुलीकडची चाळीस माणसे कोल्हापुराहून म्हैसुराला यायची होती, आणि त्यांनी काय खावे, काय पाहावे हे सांगण्याचा अधिकार चामराजपुरमच्या त्या घरात दुसऱ्या कोणाला असण्याचे कारणच नव्हते. दोसा सकाळी आठच्या आत खावा, नंतर हॉटेलवाल्याचे लक्ष गल्ल्याकडे जाते. वांगी ईरनगेरेची नसतील तर पानात घेऊ नयेत. चामुंडीची टेकडी पायऱ्यांनी चढावी. राजवाडा रविवारी संध्याकाळी पाहावा, पण दिवे लागण्याआधी अर्धा तास जाऊन अंधारात उभे राहावे. ज्याने अंधार पाहिला नाही त्याला उजेड काय कळणार.

आणि सर्वांत वर, दोनदा अधोरेखित करून: पहिले जेवण आमच्या घरी, शनिवारी सकाळी अकरा वाजता.

हा त्या घराण्याचा रिवाज होता. म्हैसूरच्या फौजेत आलेल्या पूर्वजांपासून चालत आलेला. नवे सोयरे गावात आले की त्यांचा पहिला घास घरचा, आणि पानात पहिले मीठ वाढायचे ते घरातल्या सर्वांत वडील बाईने. त्याआधी सोयरीक ही नुसती बोलणी. साठ वर्षांपूर्वी शकुंतलाबाईंच्या लग्नासाठी त्यांचे वडील सरगूरहून निघाले, वाटेत बस बिघडली, तर सासूबाईंनी तीन तास पान मांडून ठेवले होते आणि स्वतःही जेवल्या नव्हत्या.

शनिवारी दहा वाजता ओब्बट्टूची, म्हणजे पुरणपोळ्यांची, चळत टोपलीत चढत होती. स्वयंपाकाची तुंगा कटाची आमटी ढवळत होती. तेव्हा शरतची बहीण रम्या मोबाइल घेऊन आत आली.

"अज्जी, तुमची यादी सगळ्यांना पाठवली हां. थोडी छोटी केली."

"वाच."

रम्याने वाचले. दोसा होता, टेकडी होती, राजवाडा होता.

"अकराचे काय?"

"अकराला राजवाडा. मग तिथूनच जेवायला हॉटेलात, ऊटा तिथंच." रम्या जरा चाचरली. "चाळीस माणसांना पाटावर कुठं बसवणार, अज्जी? त्यांची बस आपल्या गल्लीत वळायचीसुद्धा नाही. पण तुमचं घर आहे की यादीत. हे बघा, सातवं. 'जुनं मराठी घर. पूर्वजांची तलवार, नऊवारीतल्या अज्जी. चार ते साडेचार. फोटो काढता येतील.'"

"सहावे काय आहे?"

"झू."

"आणि आठवे?"

"आठवं नाही. तुम्ही शेवटच्या."

"मी पाहुण्यांना वाढते, रम्या. त्यांना दिसायला बसत नाही."

"सुम्ने, उगीच रागवू नका ना. शरतला विचारूनच केलं."

शेवटचे वाक्य तिने धीर द्यायला म्हटले, आणि तेच वर्मी लागले. रम्या गेल्यावर शकुंतलाबाईंनी तुंगाला बोलावले. समोर नवे घर बांधले जात होते, तिथे तीसेक मजूर होते.

"सगळे तिकडे नेऊन वाढ."

"सगळं, अम्मा? एखादं पान तरी झाकून ठेवते. कोणी चुकून आलं तर..."

"चुकून येणाऱ्यांसाठी मी पुरण वाटत नाही."

दुपारपर्यंत भांडी घासून पालथी पडली.

चार वाजता पाहुणे आले. दहा-बारा जण आत शिरले, तलवारीपुढे उभे राहून त्यांनी फोटो काढून घेतले. एकीने शकुंतलाबाईंना जरा उजेडाकडे सरकायला सांगितले. त्या सरकल्या नाहीत. शरत दारातूनच घड्याळ पाहत होता.

सर्वांच्या मागून एक म्हातारी बाई आली. चपला बाहेर काढून, पाय धुऊन. नवरीची, पूजिताची, आजी भवानीबाई. त्या तलवारीकडे गेल्या नाहीत. सरळ शकुंतलाबाईंसमोर येऊन बसल्या.

"विहीणबाई, फार उशीर केला आम्ही. ही पोरं ऐकत नाहीत." मग त्यांनी आवाज खाली आणला. "शरतरावांनी आमच्या पूजिताला सांगितलं होतं, तुमच्यात पहिला घास घरचा असतो म्हणून. मी सकाळपासून चहासुद्धा घेतला नाही. मीठ तेवढं वाढा, म्हणजे झालं."

स्वयंपाकघराच्या दारात तुंगा उभी होती. मिठाची वाटी सकाळी ठेवली तशी देवळीत होती. भात व्हायला वीस मिनिटे पुरली असती. जेवण वाटून टाकले हे खरे सांगायला त्याहून कमी.

"आमच्याकडे पंगत अकराला बसते," शकुंतलाबाई म्हणाल्या.

भवानीबाईंनी त्यांच्याकडे पाहिले. मग जमिनीला हात टेकून त्या उठल्या. "असं होय," म्हणाल्या, आणि पदर सावरून बाहेर गेल्या.

गल्लीत बस वळेना. मागे घे, पुढे घे, कोणीतरी पत्र्यावर थापा मारत होते. खिडकीशी भवानीबाईंचे पांढरे डोके दिसत होते.

"अम्मा, भात टाकू?" तुंगाने विचारले. "अजून आहेत त्या."

बस वळायला बराच वेळ लागला, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत शकुंतलाबाई उंबऱ्याच्या आतच उभ्या होत्या.