सात पायऱ्यांची भिंत

गल्लीच्या टोकाला रस्त्याकडेची दगडी भिंत होती आणि तिच्यावर कुणा कंत्राटदाराच्या नावाची भलीमोठी पाटी. शिवणकाम करणाऱ्या काकू मात्र तीस वर्षं एकच सांगत आल्या होत्या, "ही माझ्या बाबांनी बांधलीय. त्यात त्यांनी कोरलेलं कासव आहे." विश्वास कोण ठेवतो! सगळी गल्ली त्यांना कासवकाकू म्हणायची, आणि त्यात सगळ्यांत पुढे कोण, तर त्यांचेच यजमान! रस्ते खात्यातून मुकादम म्हणून निवृत्त झालेला माणूस, जीभ मोकळीच.

पण आज सकाळी भिंतीपाशी सिमेंटची पोती येऊन पडली. दुपारपर्यंत सगळ्या भिंतीला गिलावा होणार होता. काकू चपला न घालताच धावल्या. मागून मुकादम टेप घेऊन निघाले.

"नीट सांग, कुठे होतं?"

"पायऱ्यांपासून चौथा दगड. माझ्या गुडघ्याला लागायचं. सहा वर्षांची होते मी."

मुकादमांनी जमिनीपासून फूटभर मोजलं. चौथा दगड कोरा! "चालत गेलं असेल गं तुझं कासव."

काकू हसल्या नाहीत. डोळे भरून आले होते. भिंतीतून उतरणाऱ्या पायऱ्यांकडे बघत त्या म्हणाल्या, "आणि या पाचच कशा? मी सात उड्या मारत उतरायचे."

"लहान होतीस. मोजता येत नसेल."

"मला? ब्लाउजात पाव इंच चुकत नाही मी, आणि सातच्या जागी पाच मोजेन?"

मुकादमांनी एकदा पायऱ्यांकडे बघितलं, मग पायाखालच्या डांबराकडे. घोडं कुठे पेंड खात होतं ते त्यांना दिसलं. हा रस्ता आयुष्यभर कुणी केला? त्यांनीच! जुनं डांबर खरवडायचा कंटाळा, म्हणून दर वेळी थरावर थर. दोन इंचांचा एक, असे नऊ. म्हणजे अठरा इंच. म्हणजे दोन पायऱ्या!

"अरे देवा! मीच पुरलंय ते!" मुकादम ओरडले. "पहार द्या रे कुणीतरी!"

भिंत आणि डांबर यांच्यामध्ये मातीची पट्टी होती. मुकादम खणायला बसले. गवंडी आधी हसले, मग त्यांच्यातला एक थापी टाकून मदतीला आला. वीतभर खाली पहार दगडावरच्या उंचवट्याला अडली. काकूंनी पदराने माती पुसली.

कासव! पाठीवरच्या रेषांसकट, तळहाताएवढं कासव! तीन पाय एकदम सुबक आणि चौथा पार वाकडातिकडा.

"हा पाय माझा," काकू म्हणाल्या आणि हमसून हमसून रडायला लागल्या. "बाबांनी छिन्नी माझ्या हातात दिली होती हो. मी बिघडवला, तरी त्यांनी तसाच ठेवला."

गवंड्यांचा प्रमुख गुपचूप फोन काढून साहेबांना म्हणाला, काम थांबवलंय, येऊन बघा.

  मुकादमांनी गवंड्याकडून खडू मागून घेतला, पाटीखाली सासऱ्यांचं पूर्ण नाव ठळक अक्षरात लिहिलं आणि पुढे लिहिलं, पाथरवट. बायकोकडे एकदा बघितलं. मग त्याच्याखाली आणखी एक ओळ घातली: मदतीला मुलगी, वय वर्षं सहा.