पाठ तिसरा : आपली ताई

साहेब, त्या बाईचे हात तुम्ही कापलेत. कोरणी चित्रकाराने चालवली हे खरं, पण कुठे चालवायची ते तुमच्या पाठ्यपुस्तक समितीने सांगितलं, चहाचे घोट घेत सांगितलं. आता कानांवर हात ठेवून चालणार नाही. ऐकाच.

हा चित्रकार तुमच्या दारात आला तेव्हा पन्नाशीला टेकला होता. तरुणपणी त्याने मोठमोठी रंगचित्रं केली. ती घरात भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, शिक्षा झालेल्या पोरांसारखी. मग लाकूड कोरून त्यावरून चित्रं छापायचं वेड लागलं. प्रदर्शनाला लोक यायचे, मान तिरकी करून 'वा वा' म्हणायचे आणि पंख्याखालची खुर्ची शोधायचे. पुस्तकांसाठी चित्रं काढली, त्यांवर त्याचं नाव कधी आलं, बहुतेकदा गळलं. या सगळ्या काळात घर चालवलं ते त्याच्या थोरल्या बहिणीने. तिचं सायकल दुरुस्तीचं दुकान. बाप गेला तेव्हा तिने त्याचे पाने-हातोडे उचलले, ते अजून खाली ठेवलेले नाहीत. भावाला ती 'उंदीर' म्हणते. दिवसभर लाकूड कुरतडतो म्हणून.

पहिलीच्या पुस्तकातला 'आपली ताई' हा पाठ तुम्ही त्याच्याकडे दिलात, तेव्हा त्याला दुसरं कुणी सुचलंच नाही.

"बस अशीच. हलू नकोस."

"अरे, गिऱ्हाईक खोळंबलंय."

"खोळंबू दे. तू पुस्तकात जाणार आहेस."

"मग तोंड तरी धुऊन येते."

"तोंड धू. हात धुऊ नकोस."

"धुऊन तरी कुठे निघतंय मेलं!"

तिच्या तळव्याला छपाईची शाई फासून त्याने कागदावर ठसा घेतला. त्याला तळव्यावरच्या भेगा हव्या होत्या. "आधीच काळे, त्यात तुझी भर," ती म्हणाली, पण हात मागे घेतला नाही. मग त्याने ठोकळा कोरला. ताई जमिनीवर बसलीय, शेजारी चाक, आणि दोन्ही हातांनी ती ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडा कुठून येतोय ते बघतेय. सगळा जीव त्या हातांत होता. इतक्या वर्षांत जे साधलं नव्हतं ते साधलं, हे त्याचं त्यालाही कळलं. "आहेस तशी छापणार," त्याने बहिणीला शब्द दिला. तिने गल्लीभर सांगितलं.

पहिल्या बैठकीत तुम्ही म्हणालात, "हात फार काळे दिसतात हो. मुलांना किळस येईल."

लाकडाच्या ठोकळ्यात जो भाग वर राहतो तो काळा उमटतो, जो कोरून काढला तो पांढरा. तेव्हा हात उजळायचे तर कोरायचे. त्याने बारीक रेघा कोरल्या. एवढ्याने काय बिघडतं, असं त्याने स्वतःला समजावलं. शहाणा असता तर नवा ठोकळा घेतला असता. पण छापखान्याची तारीख डोक्यावर होती, आणि 'दुसरे चित्रकार आहेत आमच्याकडे' हे तुम्ही सहज बोलल्यासारखं बोलून ठेवलं होतं.

दुसऱ्या बैठकीत चाक खुपलं. "घरातली बाई, तिच्यापुढे चाक कशाला?" चाक गेलं. ट्यूब गेली, पाणी गेलं.

तिसऱ्या बैठकीत तुमच्या लक्षात आलं की बाई उगाच हवेत हात धरून बसलीय. "द्या ना काहीतरी हातात. फूल द्या."

"साहेब, फूल कोरायला तिथे लाकूडच उरलं नाही. काढलेलं परत लावता येत नाही."

"मग हातच काढून टाका. बाह्यांत आहेत असं वाटेल."

सगळे हसले. तोही हसला. हे हसणं अजून त्याच्या घशाखाली उतरलेलं नाही. घरी येऊन त्याने दार लावून घेतलं आणि ते हात मनगटापासून कोरून टाकले. ढलप्या मांडीवर पडत होत्या, तो झटकत होता.

पुस्तक आलं. ताईने खास चष्मा लावला. दुकानात चार माणसं उभी होती, त्यांच्यासमोर तिने पान उघडलं. चित्र तुम्ही बदलून घेतलंत, पण खालची ओळ बदलायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तिने अक्षर लावून वाचलं, "ताई दिवसभर काम करते."

तिने चित्रातल्या रिकाम्या बाह्यांवर बोट ठेवलं.

"कशानं करते रे, उंदरा? नाकानं?"

माणसं खो खो हसली. ती नाही हसली. गिऱ्हाईकं गेल्यावर पुस्तक त्याच्या छातीवर टेकवून म्हणाली, "चेहरा माझा घेतलास. गल्लीतलं प्रत्येक पोर वर्षभर हे बघणार. एक तर माझे हात आण, नाहीतर मला तिथून पूर्ण काढ. असं अर्धं मला ठेवू नकोस." आणि त्याच्याशी बोलणं टाकलं. जेवण वाढते, पाणी देते, बोलत नाही.

त्याने तळव्याचा तो ठसा समोर ठेवला आणि नवा ठोकळा कोरला. चाक, ट्यूब, पाणी, आणि पहिल्यापेक्षा काळे हात. आज तो तुमच्यासमोर आणून ठेवला, तर तुम्ही तो वरखाली बघून म्हणालात, "हे तर उलटं आहे." उलटंच असतं साहेब, छापल्यावर सुलटं होतं. मग म्हणालात, "कुणाची लेखी तक्रार नाही. मुलांना पुस्तक आवडलंय. ठेवून जा, बघू."

तो ठेवून गेलेला नाही. समोरच्या खुर्चीत बसून आहे, तुमचा शिपाई दोनदा येऊन बघून गेला. त्याला मानधन नको, नाव नको, माफीही नको. नवी आवृत्ती यंत्रावर चढायची आहे, तिच्यात हे पान बदलता येतं, हे तुम्हाला ठाऊक आहे आणि त्यालाही. 'बघू' घेऊन तो बहिणीसमोर जाणार नाही.

तेव्हा फाइल मिटा, वर बघा आणि तोंडाने सांगा : छापणार की नाही?