कंसातला मजकूर

सरकारी रेडिओ केंद्रावर दुपारी चार वाजता लागणाऱ्या बातम्यांना कागदोपत्री ‘धीम्या बातम्या’ म्हणत आणि त्या वाचणाऱ्या बाईंना सगळं केंद्र हळूबाई म्हणे. तोंडावर नव्हे, पण बाईंचे कान काही धीमे नव्हते.

काम असं होतं की प्रत्येक वाक्य सावकाश वाचायचं, दोनदा वाचायचं आणि विरामचिन्हांसकट वाचायचं. ऐकणाऱ्याला लिहून घेता आलं पाहिजे. जिथे वर्तमानपत्र पोचत नसे, तिथे कुणीतरी त्या बातम्या उतरवून भिंतीला डकवी. कुणी नुसतं अक्षर वळणावर यावं म्हणून लिही. अर्ध्या तासात जेमतेम बारा वाक्यं होत. स्टुडिओच्या दारावर पाटी होती, ‘आलेला मजकूर जसाच्या तसा वाचावा.’ सव्वीस वर्षांत बाईंनी एक शब्द गाळला नव्हता की पदरचा घातला नव्हता.

त्या वर्षी सरकारने रेडिओला पैसा द्यावा की नाही, यावर रणधुमाळी माजली. एक बाजू म्हणे, सरकारच्या ताटात जेवणारा रेडिओ सरकारचीच री ओढणार, द्या त्याला सोडून. दुसरी म्हणे, बाजारावर सोडला तर दिवसभर साबणाच्या जाहिराती ऐका. दोन्ही बाजू तावातावाने बोलत. एकाकडेही रेडिओ नव्हता.

मग समिती नेमली गेली. अध्यक्ष केंद्रावर येऊन गेले. स्टुडिओच्या काचेपलीकडे उभं राहून त्यांनी बाईंचं वाचन ऐकलं. दोन वाक्यं झाली, तोवर त्यांना तीन जांभया आल्या.

“अर्ध्या तासात एवढंच?” त्यांनी केंद्रप्रमुखांना विचारलं.

“लोक लिहून घेतात ना, साहेब.”

“कोण लोक? दाखवा एक तरी.”

केंद्रप्रमुख इकडेतिकडे बघू लागले, जणू एखादा श्रोता कपाटामागे सापडेल. “सगळं नंतर बघू,” अध्यक्ष जाता जाता म्हणाले, “आधी ह्या धीम्या बातम्या बंद.”

त्या दिवशी घरी बाई ताटातला भात नुसता चिवडत बसल्या. जेवताना नणंदेने ते हेरलं. वयाने मोठी, पायाने अधू, पण जिभेने धडधाकट.

“काय गं वहिनी, तोंड का एवढं उतरलंय?”

“माझ्या बातम्या बंद करणार म्हणे, वन्सं.”

“अरे देवा! मग मला दुपारी झोप कशी लागायची?”

“तुम्हाला सगळी थट्टाच सुचते.”

“थट्टा कसली? नवऱ्याला हाक मारतेस तीसुद्धा स्वल्पविराम देऊन. ही नोकरी गेली तर तुला दुसरी कोण देणार?”

नोकरीची बाईंना काळजी नव्हती. केंद्र राहिलं तर दुसरं काम मिळालं असतं. पण आपण एक ओळ वाचून थांबतो, तेव्हा कुठेतरी पेन्सिल चालते, या एकाच विश्वासावर त्यांनी सव्वीस वर्षं काढली होती. तिथे कोणी नव्हतंच असं ठरलं, तर एवढी वर्षं आपण भिंतीशीच बोललो म्हणायचं.

महिन्याभराने समितीचा अहवाल तयार झाला. अध्यक्षांनी हुकूम सोडला की त्याचा सारांश आजच्या आज रेडिओवर वाचला जावा. ज्याला ऐकणारं कुणी नाही म्हणून बंद करायचं, त्यावरूनच ते लोकांना कळवायचं होतं. अध्यक्षांनी घाईघाईत सारांश तोंडी सांगितला. टंकलेखक नवा होता, आणि साहेबांच्या तोंडून जे पडेल ते टंकायचं, एवढंच तो शिकला होता. मजकूर केंद्रावर आला तेव्हा चारला पाच मिनिटं कमी होती. केंद्रप्रमुखांनी न वाचताच सही ठोकली.

बाई नेहमीच्या लयीत वाचू लागल्या. चौथं वाक्य आलं.

“या केंद्राला श्रोते नाहीत, स्वल्पविराम, असे समितीच्या पाहणीत आढळले, कंस सुरू, पाहणी अजून केलेली नाही, स्वल्पविराम, पण कोण विचारतोय, स्वल्पविराम, शंभराच्या आतला एखादा आकडा घाला, कंस पूर्ण, पूर्णविराम.”

जीभ सवयीने पुढे गेली होती, अर्थ मागून धापा टाकत आला. आपण काय वाचलं ते बाईंना कळलं आणि त्यांनी मान वर केली. काचेपलीकडे केंद्रप्रमुख दोन्ही हात हलवत होते, पोहता न येणारा माणूस हलवतो तसे.

आता नियमाप्रमाणे तेच वाक्य दुसऱ्यांदा वाचायचं होतं. पहिल्या वेळी चूक झाली, असं म्हणता आलं असतं. दुसऱ्या वेळी काही चूक म्हणता येणार नव्हती. बाईंनी एकदा दारावरच्या पाटीकडे पाहिलं. मग कागद जवळ ओढला आणि ते वाक्य पहिल्यापेक्षाही सावकाश वाचलं.

“मी असं बोललोच नव्हतो,” दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी जाहीर केलं. “ऐकणाऱ्यांच्या कानांचा दोष.”

तिसऱ्या दिवसापासून पत्रं येऊ लागली. आधी पिशवीभर, मग पोतंभर, प्रत्येकात तेच वाक्य उतरवलेलं. खलाशांची आली, शिवणकाम करणाऱ्या बायकांची आली, तुरुंगातून एकाच पाकिटात एकोणीस आली. एका बेकरीतल्या भट्टीवाल्याने मैद्याच्या पिशवीच्या कागदावर लिहिलं होतं, ‘चौपन्नाव्या वर्षी मी अक्षर शिकलो ते बाईंच्या आवाजावर, चुकलं असल्यास सांगणे.’ अक्षरं वेगवेगळी, कुणाची वाकडी, कुणाची ऱ्हस्वदीर्घाची बोंब. पण कंस सगळ्यांचा एकाच जागी सुरू होऊन एकाच जागी संपत होता.

बाई दोन दिवस ती पत्रंच वाचत बसल्या. जेवणाचा डबा तसाच घरी परत येई.

“उपास धरलायस का?” वन्संनी विचारलं.

“भूकच लागत नाही, वन्सं. एवढी माणसं होती!”

अध्यक्षांची मात्र पाचावर धारण बसली. सभागृहात दोन्ही बाजूंनी ती पत्रं फडकवली, प्रत्येकीने आपलाच मुद्दा सिद्ध झाला म्हणून. पंधरा दिवसांत निर्णय आला. केंद्रप्रमुख बिस्किटांचा पुडा घेऊन बाईंच्या टेबलाशी आले.

“बाई, वाचलो! अनुदान चालू. उलट वाढवलंय. तुमचे उपकार झाले.”

“आणि माझ्या बातम्या?”

केंद्रप्रमुखांनी पुडा फोडायला बराच वेळ घेतला. “त्याचं असं आहे... श्रोते फार लक्षपूर्वक ऐकतात, असं समितीला आढळलं. तेव्हा बातम्या यापुढे जलद गतीने, एकदाच. पाच मिनिटांत चाळीस. वाचायच्या तुम्हीच.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “आदेश मी तीनदा वाचून पाहिला. कंस कुठेही नाही.”

बाईंनी बिस्कीट घेतलं नाही.

आठवडाभर वन्संनी घड्याळ धरून त्यांच्याकडून सराव करून घेतला. “पळ गं वहिनी, पळ! मागे कुत्रं लागलंय समज!” आणि एका सोमवारी बाईंनी पाच मिनिटांत चाळीस बातम्या अशा काही सोडल्या की काचेपलीकडच्या तंत्रज्ञाने टाळी वाजवली. काय वाचलं, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

स्टुडिओतून बाहेर येतात तोच टेबलावरचा फोन वाजला. अध्यक्ष होते.

“वा बाई, झकास! हा खरा वेग. बरं, त्यात आमचं भाषण होतं ना?”

“होतं, साहेब. सोळाव्या नंबरला.”

“काय होतं? म्हणजे, सगळं घरदार रेडिओभोवती बसलं होतं. पण नेमकं तेवढंच निसटलं. जरा परत सांगता?”

बाईंनी फाइलमधून सोळावा कागद काढला आणि आदेशाप्रमाणे एका श्वासात वाचून संपवला.

“अहो हळू, हळू! पेन घेऊ द्या मला,” अध्यक्ष तिकडून ओरडले.

“तो कार्यक्रम बंद झाला, साहेब,” बाई म्हणाल्या.