चार वाजताची खूण

नवरा घोरायला लागला की सगळ्या बायका त्याला कोपर मारतात. मी मारते तो घोरायचा थांबला की. "अगं बाई, मेलो नाहीये, झोपलोय!" असं खेकसून तो कूस बदलतो. त्याच्या मते मी चक्रम आहे. असेनही.

मी सव्वीस वर्षं इमर्जन्सीत नर्स आहे. दारू पिऊन धिंगाणा घालणारे, डोकं फिरलेले, सगळे आमच्याच दारात येतात. समजावून ऐकलं तर ठीक. नाहीतर डॉक्टर सांगतात, चौघं धरतात आणि मी दंडात झोपेचं इंजेक्शन देते. थोड्या वेळात वाघाचं मांजर होतं आणि सगळे हुश्श करतात. पण खरं काम तिथून पुढे असतं. दर पंधरा मिनिटांनी जवळ जायचं, श्वास मोजायचा, हाक मारून बघायचं आणि मगच कागदावर खूण करायची.

अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी एक रंगारी आणला होता. तीन दिवस नुसता पीत होता, डोळ्याला डोळा नाही. शिव्यांची लाखोली चालू, आमच्या वॉर्डबॉयच्या, म्हणजे मामांच्या, हाताला कडकडून चावला. मी इंजेक्शन दिलं. तो निवला, तशी त्याची कॉट आम्ही भिंतीकडे सरकवली. तेवढ्यात अपघातातली नऊ माणसं एकदम आली. चार वाजले तेव्हा मी कुणाच्या तरी मांडीवरची जखम दाबून उभी होते. रंगाऱ्याकडे लांबूनच पाहिलं. त्याची बायको स्टुलावर बसली होती, मांडीवर त्याच्या चपला. तिने ओठांवर बोट ठेवून मला खुणावलं, झोपलाय. मी मोकळ्या हाताने कागद ओढला आणि खूण केली. सव्वाचारला जवळ गेले तेव्हा तो गेलेला होता.

चौकशीत कागद चोख निघाला. दारूने मेला, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मी तोंडातून ब्र काढला नाही. नोकरी होती, मुलं लहान होती, कारणांना काय तोटा! पण तेव्हापासून वॉर्ड शांत झाला की मी एकेका कॉटशी जाऊन श्वास मोजत फिरते. कणीक मळताना मध्येच ते बोट दिसतं. डोळे मिटले तरी दिसतं.

परवा दुपारी पुन्हा दारात आरडाओरडा झाला. पंचविशीतला मुलगा, दारूचा भपकारा, दोन माणसांना आवरेना. त्याच्यामागून एक बाई आली, हातात त्याच्या चपला. केस पिकले होते, पण ते चपला धरणं मी कुठेही ओळखलं असतं. तिनेही मला ओळखलं.

"डॉक्टर, इंजेक्शन ह्याच सिस्टरना द्यायला सांगा," ती म्हणाली. "ह्याच्या बापाला ह्यांनीच झोपवलं होतं."

माझी पाचावर धारण बसली. टोमणा होता की विश्वास? चोराच्या मनात चांदणं, मला सगळंच टोचत होतं. दुसऱ्या कुणाला सांगा, असं अगदी जिभेवर आलं. पण दुसरी कोणी त्याला झोपवून भिंतीकडे ढकलून गेली तर?

"शुगर ठीक आहे. द्या सिस्टर," डॉक्टर म्हणाला. मी दिलं.

तो निवला, तसे मामा सवयीने कॉट सरकवायला लागले.

"खबरदार! इथेच, मधोमध राहू दे."

"अहो, यायला-जायला वाट उरणार नाही."

"मग उड्या मारा."

त्याला कुशीवर वळवलं, हनुवटी वर केली, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावला आणि छातीवर तळहात ठेवून बसले. मशीन आहे ना, असं डॉक्टर म्हणाला. असू दे म्हटलं, मीही आहे.

चार वाजले. कुणाच्या तरी हातून ट्रे पडला, तसं त्या बाईचं बोट आपसूक ओठांवर गेलं. मला राहवेना.

"बाई, त्या दिवशी चार वाजता मी जवळ आलेच नव्हते. लांबूनच खूण केली. हात लावून बघितलं असतं तर कदाचित..." पुढे मला रडूच फुटलं.

तिने हातातल्या चपला नीट जुळवल्या.

"मी तर जवळच होते," ती म्हणाली. "त्यांचा हात गार लागला. वाटलं, पंख्याने असेल. चादर ओढली आणि येईल-जाईल त्याला गप्प करत बसले. तीन दिवसांनी झोप लागली होती हो त्यांना. मी हे कुणाला सांगितलं नाही. पोरालासुद्धा नाही."

मी तिचा हात ओढून माझ्या हाताशेजारी, पोराच्या छातीवर ठेवला.

"हाक मारा."

"झोपमोड होईल."

"होऊ दे."

मग ती वाकली आणि "बाळा!" म्हणून अशी ओरडली की सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. पोरगा कण्हला, एक कचकचीत शिवी हासडली आणि पुन्हा झोपला. ती रडता रडता हसली.

तिने चपला कॉटखाली ठेवल्या, हात मात्र छातीवरून काढला नाही.

"आता पुन्हा कधी?" तिने विचारलं.

"पंधरा मिनिटांनी," मी म्हटलं, आणि कागदावर खूण केली.