चौथ्या ओळीतली रिकामी मात्रा

मी एक जुना संगणक आहे. सध्या माझ्या डोक्यावर झेंडूच्या रिकाम्या पाट्या असतात आणि की-बोर्डवर दोऱ्याची रिळं. मित्रांनो, मला याचं वाईट वाटतं असं मी म्हणणार नाही. मला फारसं काही वाटतच नाही. एक गोष्ट तेवढी माझ्या पोटात आहे, ती सांगतो.

माझा जन्म १९९८ साली नाशिकला, कॅनडा कॉर्नरजवळच्या एका दुकानात झाला. जन्म म्हणजे काय, कुठून कुठून आलेले भाग एका पत्र्याच्या डब्यात स्क्रूने बसवले, झालं. सुरुवातीला मी एका क्लासमध्ये होतो. तिथली मुलं माझ्यावर टायपिंग शिकली आणि बाई नसल्या की पत्ते खेळली. माझ्या खोलीत यायचं तर चपला बाहेर काढाव्या लागत, एवढा माझा मान होता. मग नवी यंत्रं आली आणि २००५ साली दीपमाला नावाच्या विद्यार्थिनीने मला घरी नेलं.

तिचं घर पंचवटीच्या पुढे, मळ्यात. घरची फुलशेती होती. आई गोजराबाई हार ओवून पंचवटीच्या बाजारात विकत. वडील गोटीराम लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत, आणि त्या बँडचे मास्तरही तेच. दर चैत्रात वणीला देवीच्या मिरवणुकीत हा बँड एक चाल वाजवी. ती गोटीरामांनी स्वतः बसवली होती. कागदावर ती कुठेच नव्हती. ते वाजवत आणि बाकीचे कानाने उचलून साथ करत.

मी घरी आलो त्याच वर्षी, दिवाळी उलटल्यावर, गोटीरामांना अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. मात्र गुणगुणणं राहिलं. तोंडातून 'पाणी' एवढा शब्द निघेना, पण चाल सुरू केली की अख्खी निघे. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. यंत्राला काही वाटत नाही असं म्हणतात. त्या घरात तेव्हा माणसांनाही काही वाटत नव्हतं. दीपमाला वडिलांना भरवी, त्यांचं तोंड पुसे आणि कॉलेजला जाई. गोजराबाई हार ओवत. त्यांचे हात कधी थांबलेले मी पाहिले नाहीत. रडतानाही मी कुणाला ऐकलं नाही.

बँड सांभाळायला यादवमास्तर आले. पोलिसांच्या बँडमधून निवृत्त झालेला भला माणूस, पण कागदावर बघून वाजवणारा. ते दारातच म्हणाले, "पोरी, तुझ्या अण्णांची चाल नोटेशन करून दे, चैत्रात वणीला वाजवू. कागद नसला तर मग सिनेमाची गाणी आहेतच." खाटेवर पडलेल्या गोटीरामांनी ते ऐकलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

पाच रेघांचं नोटेशन हाताने लिहिणं दीपमालाला येत नव्हतं. पण कॉलेजात तिला एका प्रोग्रामबद्दल कळलं होतं. सुरांची अक्षरं टाइप करून कमांड द्यायची, की तो नोटेशन मांडून देतो आणि वाजवूनही दाखवतो. दिसायला काही नाही, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. अडचण अशी की माझ्यावरच्या लिनक्स प्रणालीसाठी तो तयार मिळत नव्हता. मिळत होता तो त्याचा सोर्स, म्हणजे प्रोग्राम ज्यातून बनतो तो मूळ मजकूर. हार विकत न घेता फुलं आणि दोरा आणून घरी ओवावा, तसं ते काम होतं.

सायबर कॅफेतून तिने सोर्स फ्लॉपीवर आणला. पहिल्या खेपेला माझ्या ड्राइव्हने तो वाचलाच नाही, कारण आत झेंडूची पाकळी अडकली होती. ती तिने चिमट्याने काढली. मग कॉन्फिगरची कमांड दिली आणि लागणारं सगळं आपल्यात आहे का, म्हणून मी स्वतःचीच झडती घेऊ लागलो. सोर्समधून प्रोग्राम बनवणारा कंपायलर आहे का? आहे. हे आहे का? आहे. ते आहे का? नाही. तिथेच मी थांबलो. एक लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामला लागणारा एक आयता भाग, माझ्यात नव्हती. दीपमाला सायकल काढून पुन्हा कॅफेत गेली. आणलेली लायब्ररी बांधायला घेतली तर तिला आणखी दुसरी लागत होती. दीपमाला चिडली नाही की वैतागली नाही. पडद्यावर आलेली चूक वाचायची आणि सायकल काढायची, बस. माझ्याही 'नाही'मध्ये कसला राग नव्हता.

शेवटी एकदाचं मेक, म्हणजे प्रत्यक्ष बांधणी, सुरू झालं. मी एकेक फाइल कंपाइल करू लागलो, माझ्या वयाला साजेल अशा चालीने.

"दीपे, ते डबडं बंद कर अन् ओवायला बस," गोजराबाई म्हणाल्या. "लय लाइट खातं ते."

"राहू दे ना आई, आत काम चालू हे."

तेवढ्यात लोडशेडिंगची वेळ झाली आणि मी बंद पडलो.

"गेलं का समदं?"

"नाय. झालेलं राहतं. उरलेलं तेवढं करायचं."

दुपारी लाइट आल्यावर तिने पुन्हा मेक दिलं आणि मी झालेल्या फाइली सोडून पुढच्या घेतल्या. गोटीराम खाटेवरून बघत होते. त्यांची तशी सोय नव्हती. त्यांना सगळं पहिल्यापासून शिकायचं होतं.

प्रोग्राम इन्स्टॉल झाला तेव्हा कुणी पेढे वाटले नाहीत. दीपमालाने वडिलांना उशीला टेकवून बसवलं. ते गुणगुणत, ती अक्षरं टाइप करी आणि मी ती स्पीकरवर वाजवी. चुकलं की गोटीराम डावा हात वर करत. अशा तीन ओळी जमल्या.

चौथीत अडलं. तिथे एका जागी त्यांच्या घशातून नुसता घोगरा आवाज येई. तो कोणता सूर, ते कळेना. दीपमालाने एक घालून पाहिला. हात वर. वरचा घातला, खालचा घातला, कोमल घातला. दर वेळी हात वर. चैत्र तोंडावर आला तरी ती तिथेच होती. शेवटी सगळे सूर संपले.

"पोरी, त्यान्ला लय तरास नको देऊ," गोजराबाई ओवता ओवता म्हणाल्या.

दीपमाला थकली होती. तिने तो सूर पुसला आणि मात्रा कमी पडू नये म्हणून त्या जागी झेड टाइप केला. झेड म्हणजे विराम. "मग काहीच नको," असं म्हणून तिने कमांड दिली. मी वाजवत गेलो, त्या जागी एक मात्रा गप्प राहिलो आणि पुढे निघालो. हात वर झाला नाही. चाल संपली तरी झाला नाही. का, ते तिने आईला विचारलं नाही आणि वडिलांना सांगता येत नव्हतं.

यादवमास्तरांनी कागद पाहिला. "ही मात्रा रिकामी कशी?"

"अण्णांना तशीच पाहिजे."

"मग तशीच."

वणीला चाल वाजली. मी काही गेलो नव्हतो, पण गोजराबाईंनी शेजारच्या शकुबाईंना सांगितलं ते ऐकलं. "जीपमधी बसून ऐकलं त्यांनी. हात वर केला नाय."

पुढच्या पावसाळ्यात गोटीराम गेले. तेरावं झालं आणि गोजराबाई पुन्हा ओवायला बसल्या. यादवमास्तर गाव सोडून गेले, बँड मोडला आणि नोटेशनचे कागद कुठे गेले ते कुणाला ठाऊक नाही. दीपमालाला सिन्नरला नोकरी लागली. तिने नवं यंत्र घेतलं आणि माझ्यावर पाट्या आल्या.

२००९ साली एका सकाळी तिने भंगारवाल्याला बोलावलं. तो अंगणात वजनकाटा घेऊन उभा होता. देण्याआधी आत काही राहिलं का बघावं म्हणून तिने मला सुरू केलं. ती फाइल दिसली. तिने सहज कमांड दिली.

माझा स्पीकर घरघरला, पण चाल लागली. गोजराबाई दारात हार ओवत होत्या. चौथ्या ओळीत मी गप्प झालो. त्या एका मात्रेत त्यांचे हात थांबले.

"आत्ता दम घेतला त्यांनी," त्या म्हणाल्या. "वाजवताना तिथंच घ्यायचे. मी ऐकायची ना."

चाल पुढे गेली आणि संपली. दीपमाला जमिनीवर बसली आणि तोंडावर ओढणी धरून रडू लागली. गोजराबाई उठून तिच्यापाशी आल्या, आणि मग त्याही रडल्या. त्या घरातलं रडणं मी पहिल्यांदा ऐकलं. भंगारवाला थोडा वेळ थांबला आणि काटा उचलून निघून गेला.

मित्रांनो, जुनी यंत्रं टाकावी लागतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. टाकायच्या आधी एकदा सुरू करा आणि घरातल्या माणसाला शेजारी बसवा, एवढंच मागणं आहे. दीपमालाने ती चाल नव्या यंत्रात घेतली आहे, तरी दर चैत्रात गोजराबाई माझ्यावरच्या पाट्या उतरवतात आणि म्हणतात, "दीपे, याच्यावरच लाव."