पायरीवरची पाहणी

त्याने स्वतःच्याच घराच्या पायरीवर बसकण मारली आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबले. मागे दाराला कुलूप. किल्ली बायकोच्या पर्समध्ये आणि बायको शिवणकामाच्या कारखान्यात. सुटायला अजून तासभर.

परिवीक्षा अधिकारी बाईंनी घड्याळ पाहिलं. दोन वर्षांपूर्वी न्यायाधीशांनी या घरफोड्याला तुरुंगाऐवजी त्यांच्या देखरेखीखाली ठेवलं होतं. उद्या शेवटची तारीख. अहवालात एकच रकाना कोरा होता: घराची पाहणी. तो कोरा राहिला, तर तुरुंगाचा विषय पुन्हा निघणार.

"साडेचारला मला निघायला हवं," त्या म्हणाल्या. "घर तुमचंच आहे. उघडा. किल्लीशिवाय उघडलं, हे मी लिहिणार नाही."

समोरच्या घरातले आजोबा दारात उभे राहून खोखो हसले. "अहो, माझं दार यानं दोन मिनिटांत उघडलं होतं! रेडिओ नेला, आणि जाताना दार नीट ओढून घेतलं."

"मांजर शिरलं असतं, आजोबा."

"ऐका! चोराला माझ्या दुधाची काळजी! आता उघड की लेका. हे कुलूप म्हणजे तुला पोरखेळ."

त्याने मान हलवली. हात आणखी आत सरकले.

"मॅडम, घर माझं आहे हे मला कळतं. हातांना नाही कळत."

दोन वर्षं दर सोमवारी बाई त्याला एकच प्रश्न विचारत आल्या होत्या: या आठवड्यात हात कुठं होते? आधी तो छताकडे बघायचा. बेकरीत लागल्यावर 'पिठात' म्हणू लागला. सरकारी प्रश्नाला सरकारी उत्तर, असंच बाई समजत होत्या. तोच प्रश्न हा माणूस रोज स्वतःला विचारत असेल, हे कुठल्याही प्रशिक्षण वर्गात कुणी सांगितलं नव्हतं. त्या आवाज न करता त्याच्या शेजारी पायरीवर बसल्या.

आजोबांचं हसू कधी थांबलं ते कळलं नाही. ते आत गेले, पिशवी घेऊन बाहेर आले. चोरी झाल्यापासून त्यांच्या दाराला तीन कुलपं होती. कोपऱ्यापर्यंत जायचं तरी तिन्ही लावून, ओढून, पुन्हा ओढून बघायचे. आज ते तसेच चालू लागले.

"आजोबा, दार!" तो ओरडला.

"औषधं घेऊन येतो," ते मागे न बघता म्हणाले. "बसलायस ना तू?"

दार सताड उघडं. आत खिळ्याला तीन कुलपं लटकलेली, आणि टेबलावर नवा रेडिओ.

साडेचार वाजून गेले. बाई उठल्या नाहीत. बायको धापा टाकत आली, तिने कुलूप काढलं.

"मॅडम, या ना आत. अहो, उठा की तुम्ही!"

"तू दाखव त्यांना घर." त्याची नजर समोरच्या दारावरून ढळली नाही. "आजोबा येईपर्यंत मला हलता येणार नाही."

त्याचे हात आता गुडघ्यांवर होते.

बाईंनी पायरीवरच फाइल उघडली आणि 'घराची पाहणी' या शब्दांपुढे लिहिलं: झाली. कुठल्या घराची, असं फॉर्ममध्ये विचारलेलं नव्हतं.