कुरकुंभचा समुद्री लुटारू

न्हावऱ्याची मोनिका सुदर्शनला आवडली ती पोह्यांचा पहिला घास तोंडात असतानाच. आता तिच्या पसंतीचा तेवढा प्रश्न होता, आणि नेमकं तिथंच घोडं अडलं. हात धुवायला उठला तेव्हा आत मोनिकाच्या कपाटावर डकवलेलं चित्र त्याला दिसलं. पेपरातून कापलेला समुद्री लुटारू. डोक्याला लाल रुमाल, कानात बाळी, डोळ्यांत काजळ आणि शर्टाची निम्मी बटणं उघडी.

सुदर्शननं स्वतःकडं बघितलं. तो बिचारा कुरकुंभच्या कंपनीत पावडरीची पिंपं ढकलणारा गडी, उजवीकडं भांग पाडणारा. पण प्रेमात पडलेल्या माणसाला अक्कल असती तर जगात लग्नंच झाली नसती. मुलीला आणखी एकदा बोलायचंय, असा महिन्याभरानं निरोप आला, तोवर गड्यानं केस वाढवले होते, कान टोचून घेतला होता आणि कान पिकवूनही घेतला होता.

निघायच्या दिवशी बहिणीचं काजळ घालून, लाल रुमाल बांधून तो ओट्यावर आला. आई कपाळाला हात लावून बसली. आजोबांच्या, म्हणजे तात्याबांच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. तरुणपणी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत हिंडलेला माणूस तो.

"आत्ता दिसतुयास धनगराचं पोर! चल, म्या बी येतो," असं म्हणून त्यांनी आपलं चांदीचं कडं त्याच्या हातात चढवलं.

न्हावऱ्यात दाराशी मोनिकाची आजी कुशाबाई तांदूळ निवडत बसली होती. तिनं वर बघितलं, आणि सूप हातातून निसटलं.

"अगं बया! तात्याबा!"

पदर तोंडावर घेऊन म्हातारी नव्या नवरीसारखी लाजली.

"म्या नवी नांदाया आले तवा ह्यो आमच्या रानात खतासाठी मेंढरं बसवाया यायचा. अस्साच दिसायचा! गावातल्या बाया इनाकारण पाण्याला जायच्या."

सुदर्शनच्या मागून पांढरी टोपी आणि स्वेटर घातलेले तात्याबा पुढं आले. मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "म्या हितं हाय की, कुशाबाई!"

घर हसून लोटपोट झालं. सगळ्यात मोठ्यानं हसली ती मोनिका. सुदर्शनला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. जिच्यासाठी एवढी सोंगं केली तिला सोडून तिच्या आजीला भुरळ पडली होती. त्यानं रुमाल काढून फेकला. काजळ गालावर आलं होतं.

"म्या समुद्र बघितला न्हाई," तो म्हणाला. "पाणी गुडघ्याच्या वर आलं की मला भ्या वाटतं. ड्युटी सुटली की कंपनीच्या बसनं रोज घरी येतो, एवढंच."

मोनिकाचं हसू थांबलं.

"रोज?"

"रोज."

"चित्रातला कपाटावर बरा हाय," ती म्हणाली. "घरात रोज येणारा पायजे. माझा होकार हाय."

घाईघाईनं सुदर्शन सुजलेल्या कानातली बाळी काढायला लागला.

"ऱ्हाऊ द्या ती," मोनिका लाजून म्हणाली.

"रुमाल बी!" पदराआडून कुशाबाई म्हणाली, आणि तात्याबांना जोराचा ठसका लागला.